बाजारातली पिशवी घरात घेताना

साथीच्या दिवसांत बाजारातून आलेली पिशवी उघडण्याआधी ठरवायचं असतं ते इतकंच, की यातलं काय धुवायचं, काय नुसतं बाजूला ठेवायचं आणि कशाला पाणी लावायचंच नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत घरोघरी बटाट्यांपासून बिस्किटांच्या पुड्यांपर्यंत सरसकट सगळं साबणाने घासलं जात होतं. भाजीवर सॅनिटायझर मारला जात होता, नोटांवर इस्त्री फिरत होती. तेव्हा माहितीच तुटपुंजी होती, म्हणून लोकांना दोष देता येणार नाही. पण त्यानंतर जे कळलं ते वापरलं नाही, तर पुढच्या साथीत पुन्हा तीच दमणूक होईल आणि जिथे खरी काळजी घ्यायची तिथे अंगात त्राण उरणार नाही.

कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बंद जागेत, जवळून, बोलताना, खोकताना. वस्तूंवरून तो पसरू शकतो, पण क्वचित. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागला तर संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. त्याआधी वर्षभर सगळ्यांच्या डोक्यात बसले होते ते २०२० सालच्या एका प्रयोगाचे आकडे: प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८ तासांपर्यंत जिवंत विषाणू सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आणि तांब्यावर ४ तासांनंतर सापडला नाही. हे आकडे खरेच आहेत. पण प्रयोगशाळेत विषाणू मुद्दाम भरपूर टाकला होता, खोलीचं तापमान २१ ते २३ अंश होतं आणि आर्द्रता ४० टक्के. शिवाय प्लास्टिकवरचा विषाणू साधारण पावणेसात तासांत निम्मा होत होता. म्हणजे एका दिवसात तो अकरा-बाराव्या हिश्श्यावर येतो आणि तीन दिवसांत हजाराव्या हिश्श्याच्याही खाली जातो. वेळ हेच सगळ्यात स्वस्त जंतुनाशक आहे, आणि त्याला ना पाणी लागतं ना साबण.

पुड्यावरचा विषाणू आपण होऊन आपल्या नाकात जात नाही. त्याला तिथे पोचवतो तो आपला हात. त्यामुळे शंभर पुडे घासून हात एकदा कमी धुतला तर श्रम वाया गेले, आणि पुडे तसेच ठेवून हात वेळच्या वेळी धुतला तर जवळजवळ सगळं काम झालं. पुढे जे लिहिलं आहे ते याच हिशेबाने.

दुकानातली पंधरा मिनिटं

सर्वांत मोठी जोखीम पिशवीत नसते, ती दुकानात असते. वाण्याचं दुकान दहा बाय पंधराचं, समोर पाच-सहा माणसं, आत दोन पोरं माल काढताहेत आणि हवा खेळायला जागा नाही. अशा ठिकाणी थांबायचा वेळ कमी करणं हे घरातल्या कुठल्याही घासाघाशीपेक्षा मोलाचं आहे. यादी आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी आणि माल बांधून झाल्याचा निरोप आला की जावं. वेळ दुपारी २ ते ४ ची निवडावी, तेव्हा गर्दी सर्वांत कमी असते. घरातल्या एकानेच जावं, आणि शक्यतो साठीच्या पुढच्या किंवा मधुमेह-दमा असलेल्या माणसाने जाऊ नये. भाजी बंदिस्त मंडईपेक्षा रस्त्याकडेच्या हातगाडीवरून घेतलेली बरी, कारण तिथे हवा वाहती असते. भायखळ्याची किंवा दादरची मंडई स्वस्त पडते हे खरं, पण साथीच्या ऐन भरात दोन पैसे वाचवण्यासाठी तिथल्या पहाटेच्या रेटारेटीत शिरणं मला पटत नाही.

मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे. तारेची पट्टी दोन्ही हातांनी नाकाच्या हाडावर दाबून बसवायची. गालाकडून फट राहत असेल तर कानामागच्या नाड्यांना एक गाठ मारायची. नेहमी होणारी चूक म्हणजे वाण्याशी बोलताना, त्याला नीट ऐकू जावं म्हणून मास्क हनुवटीवर ओढणं. तोंडातून थेंब सर्वांत जास्त उडतात ते नेमके मोठ्याने बोलताना. तेव्हा बोलायचं ते मास्क लावूनच, नाही ऐकू गेलं तर कागदावर लिहून दाखवायचं. लिफ्टलाही हेच लागू: कोंडलेली हवा आणि शेजारी माणूस, म्हणून एकट्याने जावं किंवा तीन-चार मजले असतील तर जिना चढावा.

हातमोज्यांची गरज नाही. मोजा घातलेला हात भाजीला लागतो, मग फोनला, मग चष्म्याला, आणि आपल्याला वाटत राहतं की आपण सुरक्षित आहोत. उघडा हात निदान धुवावासा तरी वाटतो.

बाहेरची बाजू आणि आतली बाजू

घर मोठं असो वा एका खोलीचं, दाराजवळ एक जागा ठरवून टाकावी. ती बाहेरची बाजू. चपला तिथे, पिशव्या तिथे, छत्री तिथे. चाळीत दाराबाहेरची गॅलरी सामाईक असते, तिथे सामान ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतं. अशा वेळी उंबरठ्याच्या आत एक प्लास्टिकचा टब ठेवावा, कपडे भिजवायचा असतो तेवढा मोठा. आलेली प्रत्येक पिशवी टबात. टब उचलून मोरीपर्यंत नेता येतो आणि काम झाल्यावर धुता येतो. ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर बाजारची पिशवी टेकवायची नाही. साथ नसतानाही ही सवय चांगलीच, कारण मंडईच्या ओल्या जमिनीवर टेकलेली पिशवी कणीक मळायच्या जागी यायचं काही कारण नाही.

क्रम असा ठेवावा. दार शक्यतो आतल्या माणसाने उघडायचं. चपला काढून पिशव्या टबात ठेवायच्या. मग लगेच, दुसऱ्या कशालाही हात न लावता, हात धुवायचे. मास्क नाडीला धरून काढायचा, पुढच्या कापडाला हात लावायचा नाही, आणि पुन्हा हात धुवायचे. त्यानंतर सामान लावायला घ्यायचं आणि ते लावून झालं की तिसऱ्यांदा हात धुवायचे. हा शेवटचा हात बहुतेक जण विसरतात. पिशव्या रिकाम्या झाल्या की काम संपलं असं वाटतं, आणि तोच हात डोळ्यांकडे जातो.

दर फेरीला आंघोळ आणि सगळे कपडे धुणं गरजेचं नाही. दाटीच्या मंडईतून किंवा भरलेल्या लोकलमधून आल्यावर जरूर करावं. खालच्या वाण्याकडून पाच मिनिटांत आल्यावर हात आणि तोंड धुतलं तरी पुरे.

हात धुण्याबद्दल सगळ्यांनी इतकं ऐकलं आहे, की आता कोणी ऐकत नाही. तरी तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, साबण का: या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी महागडा जंतुनाशक साबण लागत नाही, साधी वडी चालते. फक्त वडी भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवावी, पाण्यात बसलेली बुळबुळीत वडी नको. दुसरी, वेळ: फेस झाल्यावर निदान २० सेकंद चोळायचं, त्यात अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची कातडी राहून जाते. बांगड्या कोपराकडे सरकवून मनगट घासावं. तिसरी गोष्ट नळाच्या चावीची. अस्वच्छ हाताने चावी उघडली आणि स्वच्छ हाताने तीच चावी बंद केली तर सगळं परत हातावर. म्हणून हातावर फेस असतानाच चावीलाही फेस लावायचा आणि हातांबरोबर तीही धुवायची. कोपराने उघडणारी चावी असेल तर प्रश्नच नाही.

पाण्याची वेळ ठरलेली असते अशा इमारतींत आणि वस्त्यांमध्ये पिंपातून तांब्याने पाणी घ्यावं लागतं. तिथे पिंपात अस्वच्छ हात जाता कामा नये, म्हणून लांब दांड्याचा ओगराळा पिंपाजवळ कायमचा टांगून ठेवावा किंवा पिंपाला तोटी बसवून घ्यावी. चोळत असताना पाणी बंद ठेवलं तर एका माणसाचे हात एका तांब्यात नीट धुऊन होतात. पुसायला प्रत्येकाचा वेगळा नॅपकिन हवा. घरभर फिरणारा एकच ओला पंचा असेल तर धुतलेल्या हाताचा उपयोग नाही.

फ्रिजमध्ये जाणारं आणि फळीवर जाणारं

सामानाची वाटणी महाग-स्वस्त किंवा ओलं-कोरडं अशी न करता एका प्रश्नावर करावी: हे फ्रिजमध्ये जाणार की फळीवर? थंडीत विषाणू जास्त टिकतो. फ्रिजमधल्या चार अंशांना वेळ नावाचं औषध चालत नाही. म्हणून जे लगेच फ्रिजमध्ये जाणार ते बाहेरून धुऊन किंवा पुसून ठेवावं, आणि जे फळीवर जाणार आहे ते एक ते तीन दिवस कोपऱ्यात तसंच राहू द्यावं. एवढ्या एका नियमाने निम्मं काम कमी होतं.

दूध यातलं पहिलं. आरे, महानंद, गोकुळ, अमूल, पिशवी कोणतीही असो, ती पहाटेपासून चार-पाच हातांतून आणि एका ओल्या क्रेटमधून आलेली असते. भांडी घासायच्या साबणाचा थेंब हातावर घेऊन पिशवी दोन्ही बाजूंनी चोळावी, वाहत्या पाण्याखाली धुवावी, पुसावी आणि मग कात्रीने कापावी. कात्री आधी धुतलेली हवी. पिशवीचा कोपरा दाताने फाडायची सवय कायमची सोडावी. कोपऱ्याचा तुकडा पूर्ण कापू नये, पिशवीला लटकता ठेवावा, म्हणजे तो गटारात न जाता पिशवीबरोबर भंगारात जातो. दूध, पनीर, दही ‘विलग’ करण्यासाठी तासन्‌तास बाहेर ठेवू नये. मुंबईच्या उकाड्यात दोन तासांत ते नासण्याच्या वाटेला लागतं, आणि त्यातून होणारे जुलाब विषाणूच्या शंकेपेक्षा फार जास्त खरे असतात.

अंडी मात्र धुऊन ठेवू नयेत. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो कवचाची सूक्ष्म छिद्रं झाकतो. धुतल्यावर तो जातो आणि कवचावरचे जंतू आत शिरायला वाट मिळते. घाण लागली असेल तर कोरड्या कागदाने पुसावी, पुठ्ठ्याचा ट्रे बाहेरच ठेवावा आणि अंडं फोडायच्या आधी धुवावं. फोडल्यावर हात धुवायचे, हे साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूसाठी, कोविड असो वा नसो.

मासे बाजारातच साफ करून घ्यावेत. मावशींना सांगितलं की त्या खवलं, कल्ले, पोट सगळं काढून देतात आणि घरचा निम्मा चिकटा वाचतो. माशांची पिशवी वेगळी असावी, तीत दुसरं काही घालू नये. चिकन नळाखाली धुऊ नये, कारण वाहत्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांबरोबर जंतूही. धुतल्याशिवाय चालणारच नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने धुवावं, पाणी सावकाश ओतावं आणि सिंक साबणाने घासावं. सुरी आणि पाट भाजीचा वेगळा, मासळी-मटणाचा वेगळा. शिजवण्याबद्दल भीती नको: ७० अंशांना पाच मिनिटांत हा विषाणू निकामी होतो, आणि आपली रस्सा-भाजी त्याहून कितीतरी जास्त वेळ उकळते.

भाजी : इथे सर्वांत जास्त चुका होतात

भाजीला साबण, डिटर्जंट, सॅनिटायझर काहीही लावायचं नाही. भाजीची साल आणि पानं सच्छिद्र असतात, साबण आत मुरतो, कितीही धुतलं तरी थोडा राहतो आणि पोटात गेल्यावर मळमळ, जुलाब होतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही साथीच्या काळात हेच सांगितलं होतं: साबण वा जंतुनाशक वापरू नका, पिण्यायोग्य पाण्याने धुवा, हवं तर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवा.

धुवायची भाजी कोणती, हेही पाहावं. कांदे, बटाटे, लसूण, सुरण यांना साठवण्याआधी पाणी लावू नये. ओल्या बटाट्याला दोन दिवसांत वास येतो, ओला कांदा आतून काळा पडतो. हे टोपलीत, खिडकीच्या ग्रिलपाशी वाऱ्यावर ठेवावेत आणि चिरायच्या वेळी धुवावेत. भेंडी, गवार, वांगी धुतली तर पंख्याखाली फडक्यावर पूर्ण सुकवूनच फ्रिजमध्ये जाऊ द्यावीत, ओली भेंडी दुसऱ्या दिवशी चिकट होते. टोमॅटो, काकडी, दुधी, फ्लॉवर, गाजर यांना काही होत नाही, वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावेत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावेत. मीठ विषाणूला काही करत नाही, ते आतल्या अळ्या बाहेर काढण्यासाठी आहे. हीच गोष्ट हळदीच्या आणि व्हिनेगरच्या पाण्याची: भाजीचं नुकसान नाही, पण त्याने विषाणू मरतो असं समजू नये.

पालेभाजीला वेळ द्यावा लागतो, आणि धुऊनच फ्रिजमध्ये ठेवायचा नियम तिला लावायचा नाही. मेथी, पालक, कोथिंबीर आल्याबरोबर जुडी सोडून, सडकी पानं आणि मातीची मुळं काढून, कोरडीच कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. ती धुवायची रांधण्याआधी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवायची, हाताने हलवायची आणि पानंच वर उचलून दुसऱ्या पाण्यात टाकायची. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असं तीन पाण्यांतून काढलं की झालं. पावसाळ्यात चौथं पाणीही लागू शकतं.

क्लोरीनचं पाणी मी रोजच्या भाजीसाठी सुचवत नाही. कोशिंबिरीची काकडी-मुळा, वरून भुरभुरायची कोथिंबीर, फळं, असं जे कच्चं खायचं ते, आणि तेही पावसाळ्यात, जेव्हा मुंबईत गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर वाढतात, तेव्हा त्याचा उपयोग आहे. प्रमाण चुकवू नये. सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे साध्या ब्लीचच्या, बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर पाण्याला १ मिली, म्हणजे ५ लिटरच्या बादलीला चहाचा एक सपाट चमचा. ४ टक्के असेल तर सव्वा मिली. सुगंधी किंवा फेस येणारं ब्लीच अजिबात चालणार नाही, आणि बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती भाजीसाठी वापरूच नये. पाच मिनिटं बुडवायचं आणि मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर एक गोळी किती लिटरसाठी ते वेष्टनावर वाचावं, अंदाजाने टाकू नये.

आंब्याबद्दल एक सांगायला हवं, कारण २०२० ची टाळेबंदी नेमकी हापूसच्या हंगामात आली. पेटी दारातच उघडावी, पेंढा घरात आणू नये, तो थेट ओल्या कचऱ्यात. कच्चे आंबे न धुता कोरड्या कागदावर पसरावेत, ओला आंबा पिकताना देठाकडून काळा पडतो. पिकलेला आंबा खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवायची आपली रीत आहेच, त्यात देठाचा चीकही जातो. फक्त ते पाणी टाकून आंबा पुन्हा एकदा धुवावा.

वाण्याकडचं सामान

डाळ-तांदळाच्या पिशव्या, पोह्यांचे पुडे, साखर, रवा यांना पाणी लावू नये. प्लास्टिकच्या पुड्याची शिवण कुठे उसवलेली असते ते दिसत नाही आणि थेंबभर पाणी आत गेलं की रव्याच्या गुठळ्या होतात, महिन्याभरात जाळी आणि पोरकिडे. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, हे नक्कीच होतं. पुडे कोपऱ्यात एक दिवस, घाई नसेल तर तीन दिवस ठेवावेत. लगेच हवं असेल तर ते डब्यात ओतून घ्यावं. दोघं असतील तर सोपं: एकाने पुडा धरायचा, दुसऱ्याने डबा, आणि ज्याने पुडा धरला त्याने डब्याला हात लावायचा नाही. एकच माणूस असेल तर आधी सगळ्या डब्यांची झाकणं उघडून रांगेत ठेवावीत, मग एकेक पुडा कात्रीने कापून डब्याच्या काठाला न टेकवता वरून ओतावा, रिकामी वेष्टनं टबात टाकावीत, हात धुवावेत आणि मगच झाकणं लावावीत.

तेलाची बाटली, सॉस, जॅम, फिनेल, साबण असं जे पाण्याला दाद देत नाही ते साबणाच्या फडक्याने पुसून घेतलं तर दोन मिनिटांचं काम आहे. बिस्किटं, वेफर्स, मॅगी तशीच बाजूला ठेवावीत. मुलं धीर धरणार नसतील तर पुडा मोठ्या माणसाने उघडून बिस्किटं ताटलीत काढून द्यावीत. सुटे पाव आणताना घरचा डबा न्यावा आणि पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट गरम करून खावेत. दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी धुता येत नाही. फुलं तबकात काढून पान टाकून द्यावं आणि देवाला वाहण्याआधी हात धुवावेत, तेवढं पुरे.

जंतुनाशकं जपून

साथीच्या काळात घरगुती रसायनांनी झालेली इजा हा वेगळाच त्रास होता, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. हायपोक्लोराइट आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो दोन-चार श्वासांत छाती भरतो, खोकल्याची उबळ थांबत नाही. व्हिनेगरनेही तेच होतं. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन हा तसाच विषारी वायू. म्हणून एका वेळी एकच, आणि दुसरं वापरायचं असेल तर आधीचं भरपूर पाण्याने धुऊन, खिडकी उघडून. पाण्याच्या जुन्या बाटलीत ब्लीच भरून ठेवू नये, घरातलं कोणीतरी ते पितं.

दाराची कडी, घंटेचं बटण, ओटा, नळ यांसाठी हायपोक्लोराइटचा ०.१ टक्क्याचा द्राव पुरेसा आहे: ५ टक्क्यांच्या द्रावाचे २० मिली आणि पाणी घालून एकूण १ लिटर. साधारण ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३ ग्रॅम, ढवळून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचं पाणी वापरावं. आधी साबणाने मळ काढायचा, कारण मळ आणि तेल क्लोरीन खाऊन टाकतात. फवारण्यापेक्षा फडक्याने पुसावं, फवारा नाकात जातो. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्यावं, नाहीतर स्टीलच्या सिंकवर गंजाचे ठिपके पडतात. द्राव रोज ताजा करावा, उन्हात आणि उष्णतेत त्याचा जोर उतरतो. विजेच्या बटणांवर काहीही शिंपडू नये, पिळलेल्या फडक्याने पुसावं.

सॅनिटायझर बाहेर असताना, पाणी नसेल तिथे. अल्कोहोल किमान ६० टक्के हवं, तळहात भरून घ्यायचा आणि वाळेपर्यंत चोळायचं. मासळीच्या चिकट हातावर किंवा मातीच्या हातावर त्याचा उपयोग होत नाही. घरात आल्यावर साबणच चांगला, आणि स्वयंपाकघरात सॅनिटायझर आणूच नये. ठिणगी मिळाली तर तो खोलीच्या तापमानालाही पेट घेतो आणि ज्वाळा फिकट असते, चटकन दिसत नाही. गॅस पेटवण्याआधी, समई लावण्याआधी हात पूर्ण कोरडे आहेत ना, ते पाहावं.

पैसे, फोन, पार्सल

फोनवरून पैसे दिले तर नोटा टळतात, पण मग फोनच दुकानात दहा वेळा हाताळला जातो. घरी आल्यावर तो बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावा, कव्हर काढून साबणाने धुवावं. चष्मा साबणाच्या पाण्याने. नोटा आणि चिल्लर एका पाकिटात घालून दिवसभर ठेवावी आणि मोजताना बोटाला थुंकी लावू नये. नोट धुणं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं हे प्रकार करू नयेत, नोटेतला धातूचा धागा ठिणगी टाकतो आणि नोट जळते.

पार्सलचा पुठ्ठा दाराबाहेरच किंवा सोसायटीच्या गेटवरच्या टेबलापाशी कापावा, आतली वस्तू घ्यावी, पुठ्ठा कोरड्या कचऱ्यात. पार्सल घेऊन येणारा मुलगा दिवसभरात कितीतरी जिने चढतो. आपल्यापेक्षा त्याचा धोका मोठा आहे. त्याच्या अंगावर सॅनिटायझर फवारणं हे अपमानास्पद आहेच, निरुपयोगी आणि घातकही आहे. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. ओटीपी दोन पावलं दूर उभं राहून, मास्क लावून सांगावा, आणि गेटपाशी हात धुण्यासाठी नळ व साबण ठेवायला सोसायटीला भाग पाडावं.

कापडी पिशव्या दोन जोड्या असाव्यात, एक वापरात आणि एक धुण्यात. डिटर्जंटच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, उलट्या करून, शिवणी घासून धुवाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. पावसात चार-चार दिवस ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली सुकवून इस्त्री फिरवावी. वापरलेले मास्क कात्रीने कापून कागदाच्या पुडीत गुंडाळावेत, पुडी निदान ७२ तास बाजूला ठेवावी आणि मगच कोरड्या कचऱ्यात द्यावी, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाती ते तसेच पडणार नाहीत. घरात रुग्ण असेल तर त्याच्या खोलीतला कचरा दोन पिशव्यांत वेगळा बांधून, महापालिकेच्या माणसाला तसं सांगून द्यावा.